टपली बसली पाहिजे

ऑफिसात तिला सगळे काडेपेटी म्हणायचे. कारण सरळ होतं. ती जिथं जाईल तिथं काडी लावल्याशिवाय राहायची नाही. वय पंचेचाळिशीच्या पलीकडे गेलेलं, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, चष्मा डोक्यावर ठेवून ती घरभर चष्मा शोधायची. पण अंगातली खोडी मात्र अजून शाळेतल्या मागच्या बाकावरच बसलेली. कुणाच्या खुर्चीची उंची रोज बोटभर कमी कर, कुणाच्या कीबोर्डवर 'क' आणि 'त'ची बटणं बदलून ठेव, आणि वर स्वतःच हळहळत विचार, "काय हो, आज बुटके का वाटताय?"

कामाच्या वेळी मात्र ती भलतीच गंभीर असायची. म्हणजे तसं दिसायची तरी.

तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक माणूस राहत होता. अंगावर कातडी नाही, कपडे नाहीत, लाज तर नाहीच नाही. नुसती हाडं, सांधे आणि हाडांवर ताणून बांधलेले स्नायू. कागदोपत्री त्याचं नाव आकडे आणि अक्षरांचं होतं, गाडीच्या नंबरसारखं. काडेपेटीनं त्याला सांगाडेराव करून टाकलं. सांगाडेराव हलला की त्याचे स्नायू रंग बदलायचे. ताण पडला की लाल, आराम असला की निळा. बोलता येत नसलं तरी त्याला कुठं दुखतंय ते लांबूनही कळायचं. घरातल्या बऱ्याच माणसांपेक्षा हे बरं, असं काडेपेटीचं मत होतं.

या कंपनीत अंगावर घालायची मदतीची यंत्रं बनायची. कुणाची कंबर सावरायची, कुणाचा गुडघा धरायचा, कुणाचा खांदा उचलायचा. पण यंत्र एकदम जिवंत माणसाच्या अंगावर चढवत नसत. आधी सांगाडेरावाच्या. "जिवंत माणसाचं काही मोडलं तर तो कोर्टात जातो," काडेपेटी नव्या लोकांना समजावायची, "सांगाडेराव फार तर हँग होतो."

सध्या सांगाडेरावाच्या अंगावर होतं खांद्याचं जाकीट. पाठीवर हलकी फ्रेम, कंबरेला रुंद पट्टा, दोन्ही दंडांखाली दोन मऊ झोळ्या आणि खांद्यापाशी गोल चकतीवरून ओढणारी स्प्रिंग. हात डोक्याच्या वर धरून काम करणाऱ्यांसाठी. हाताचं वजन स्प्रिंगनं उचलायचं आणि खांद्यानं नुसतं मिरवायचं, असा एकूण बेत.

आणि हे जाकीट पहिल्यांदा ज्याच्या अंगावर चढणार होतं, तो होता तिचा दादा. सख्खा, मोठा, तापट.

दादा छताचा रंगारी. भिंतवाला नव्हे, छतवाला. दारं-खिडक्या रंगवणाऱ्यांना तो 'खालचे' म्हणायचा, आणि ते अशा सुरात म्हणायचा की ऐकणाऱ्यानं आपणहून मान खाली घालावी. सारा जन्म मान वर आणि हात त्याच्याही वर. शेवटी उजव्या खांद्यानं संप केला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, आता हाताचं ओझं कमी होत नसेल, तर हात डोक्यावर न्यायचा नाही.

"मग कुठं नेऊ?" दादानं विचारलं. "खिशात?"

ठेकेदार जुना माणूस होता, त्यानं दादाला काढलं नाही. पण जिन्याची रेलिंगं दिली रंगवायला. त्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"अगं, तुझा दादा घरी आल्यापासून एक शब्द बोलला नाहीये."

"मग सोन्यासारखा दिवस गेला की तुझा, वहिनी."

"चेष्टा नको करूस. जेवलाही नाही."

तेव्हा मात्र काडेपेटीनं चेष्टा थांबवली. दादा जेवत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. लहानपणी ती झाडावरून पडली तेव्हा दादा आधी जेवला होता आणि मग तिला उचलायला आला होता.

आणि आता गावातल्या जुन्या सभागृहाचं काम निघालं होतं. एवढं मोठं छत की खालून बघितलं तरी मान दुखावी. ठेकेदार दादाला म्हणाला, "सोमवारी परांची उभी राहतेय. चढणार असशील तर सांग. नाहीतर मी दुसरा बघतो, आणि मग तू कायमचा खालीच. राग मानू नकोस."

दादा म्हणाला, "चढणार." आणि तिथूनच बहिणीला फोन लावला, "तुझं ते जाकीट तयार ठेव."

विचारलं नाही, सांगितलं. दादाच तो.

काडेपेटीला जाकिटाची काळजी नव्हती. जाकीट झकास होतं. सांगाडेरावाच्या हातात रोलर देऊन तिनं त्याला छताखाली उभा केला होता. जाकिटाशिवाय त्याचे खांदे लालबुंद. जाकीट चढवलं की निळे, अगदी स्वच्छ आभाळासारखे. तिचे साहेब तर हरखूनच गेले होते.

साहेबांना सगळे दशांशसर म्हणायचे. कारण ते पूर्ण आकडा कधी बोलायचेच नाहीत. जेवलात का विचारलं तर "ऐंशी पूर्णांक पाच टक्के" असं उत्तर आलं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं. माणूस मनानं चांगला, हिशोबाला पक्का, फक्त हसायला जरा उशीर लावायचा.

"बत्तीस पूर्णांक चार टक्के ताण कमी," ते पडद्याकडे बघत म्हणाले होते. "छान. फारच छान दिसतंय."

आता या कंपनीतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळी गंमत तिथंच आहे.

सांगाडेराव आपल्या मनानं हलत नाही. त्याला आधी माणसाची हालचाल शिकवावी लागते. त्यासाठी एक कॅमेऱ्यांची खोली होती. तिथं माणसाला अंगाला चिकटणारे काळे कपडे घालायचे, त्यावर सांध्यासांध्याला चमकणाऱ्या गोळ्या चिकटवायच्या आणि काम करायला लावायचं. कॅमेरे गोळ्या टिपतात आणि सांगाडेराव तस्सा हलतो. पण माणूस म्हटलं की तो नुसतं काम थोडंच करतो? आधी घसा खाकरतो, पाठ खाजवतो, मध्येच "झालं का?" विचारतो, जांभई देतो. मग दशांशसरांचा नियम असा, की कामापुरती हालचाल ठेवायची आणि मागचं-पुढचं सगळं कापून 'कचरा' नावाच्या कप्प्यात टाकायचं. "घाण पेरली तर घाणच उगवेल," ते बजावायचे. बाकीचे लोक तो कचरा आठवड्याला पुसून टाकत. काडेपेटी मात्र जपून ठेवायची. तिच्या लेखी तो कचरा नव्हताच, खजिना होता. शहाणीसुरती माणसं काळ्या कपड्यांत, कुणी बघत नाही असं समजून काय काय करतात!

त्या खजिन्यात खुद्द दशांशसर होते. मागं कधीतरी हौसेनं त्यांनी स्वतःच्या अंगावर गोळ्या चिकटवून घेतल्या होत्या. त्यांची एक सवय साऱ्या ऑफिसला ठाऊक होती. दर थोड्या वेळानं दोन्ही हातांनी पँट वर ओढायची. कोपर मागे, छाती पुढे, आणि एक हिसका. पँट कधी खाली घसरलेली कुणी पाहिली नव्हती, पण सर तिच्यावर विश्वास टाकायला तयार नव्हते.

आठवड्याची मीटिंग होती. जाकिटाचा निकाल सगळ्यांना दाखवायचा होता. काडेपेटीनं सकाळीच सरांचा तो तुकडा सांगाडेरावाला शिकवून ठेवला. आणि नुसता उघडा काय दाखवायचा म्हणून त्याच्या अंगावर जाकीटही चढवलं.

पडदा उजळला. सांगाडेराव दोन पावलं पुढं आला. थांबला. आणि नसलेली पँट दोन्ही हातांनी वर ओढली.

पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. त्यानं पुन्हा ओढली. मग मागून कुणीतरी खुसखुसलं, आणि मग सगळं टेबलच हलायला लागलं.

"हा... हा काय करतोय?" सरांनी विचारलं.

जाकिटाचे पट्टे शिवणाऱ्या शिंपीणकाकू समोरच बसल्या होत्या. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "पँट वर घेतोय, सर. पण त्याला पँट नाहीये ना, म्हणून वेळ लागतोय."

नेमके तेव्हा सरांचे दोन्ही हात पँटच्या पट्ट्यावर होते. ते तिथंच थिजले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

"माझी कोपरं इतकी मागे जात नाहीत," सर म्हणाले.

"जातात, सर. दशांशासकट सांगू का?" काडेपेटीनं विचारलं.

सर हसले. उशिरा, पण हसले.

फक्त काडेपेटीचं हसू अर्ध्यातच राहिलं. तिची नजर पडद्यावरून हलेना. सांगाडेराव पँट ओढत होता आणि त्याच्या काखेतून पाठीकडे जाणारा मोठा स्नायू दर हिसक्याला लालभडक होत होता. पँट ओढायला एवढं बळ? नसलेली पँट?

मीटिंग संपायच्या आधीच ती जागेवर जाऊन बसली. तिनं जाकीट काढून तोच तुकडा चालवला. स्नायू निळा. जाकीट घातलं, लाल.

स्प्रिंगला काय कळतंय? तिचं डोकं एकमार्गी. हात दिसला की उचल. मालकाला तो वर न्यायचाय की खाली, हे विचारायची पद्धत तिला कुणी शिकवलीच नव्हती. हात वर असेपर्यंत ती मदतनीस. हात खाली यायला निघाला की तीच आडवी येणार.

काडेपेटीनं कचऱ्याच्या कप्प्यात दादाचं नाव शोधलं.

दादाची हालचालही त्याच खोलीत टिपली होती. स्टुलावर उभा दादा, हातात कोरडा रोलर, पायाशी रिकामी बादली. 'हात छताला' एवढाच भाग ठेवून बाकी सगळं कापलं होतं, आणि ते कापणारी ती स्वतःच होती, सर्वांसारखीच. कापलेल्यात काय होतं? दादा बादलीकडे वाकतोय. रोलर बुडवतोय. जास्तीचा रंग निथळवतोय. परत वर. परत खाली. दंडाला नाक पुसतोय. आणि शेवटी खाली उतरून बहिणीच्या डोक्यात एक टपली हाणतोय, कारण ती म्हणाली होती, "दादा, या काळ्या कपड्यांत तू सील माशासारखा दिसतोयस."

तिनं सगळं जसंच्या तसं सांगाडेरावाला दिलं. तो दादा झाला. वर रंगवताना पुढून निळा, बादलीकडे जाताना मागून लाल. वर, खाली, वर, खाली. हवेत टपली मारताना तर त्याची पाठ भट्टीसारखी पेटली. वर जेवढं वाचलं तेवढं खाली गळत होतं. दिवसभर असं केलं तर दुखऱ्या खांद्याचं दुखणं पुढून मागं जाईल, एवढंच. घर तेच, फक्त दार बदललं.

ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी पडदा पाहिला, पँटीकडे गेलेला हात अर्ध्यात मागे घेतला, आणि म्हणाले, "पण आपलं उद्दिष्ट हात वर असतानाचं आहे."

"सर, वर गेलेला हात कधीतरी खाली येतो. जो येत नाही त्याला आपण पुतळा म्हणतो."

"कचऱ्यावर निकाल कसा ठरवायचा? त्यात गोळ्या नीट दिसत नाहीत, मोजमाप धड नसतं."

"मान्य. मग उद्या माझा दादाच येतोय मापाला, हाडामांसाचा माणूस. त्याच्यावर बघू."

बोलली तर ठसक्यात. पण घरी जाताना तिला वहिनीचा निरोप आला. दादानं सगळे रोलर धुऊन वाळत टाकलेत. शेजाऱ्यांना सांगून झालंय. आज दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला तो असा, की जाकीट त्याच्या मापाचं नसतं तर त्यानं आपलं अंग जाकिटाच्या मापाचं केलं असतं. शिंपीणकाकूंनी पट्टे आवळले. सर एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे राहिले. दादा स्टुलावर चढला आणि त्यानं हात वर नेले. खरं तर हातच गेले. दादा मागून गेला.

"अगं कार्टे!" तो ओरडला. "हे काय केलंस! हात आहेत का फुगे?"

तो रोलर फिरवायला लागला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. चेहऱ्यावर असं काही आलं की काडेपेटीनं नजर वळवली. दादाच्या चेहऱ्याला कोवळं व्हायची सवय नव्हती. तो छताकडे बघत होता, ते साधं ऑफिसचं छत, त्याला पोपडेही नव्हते, आणि तरी दादा बऱ्याच दिवसांनी घरी परतल्यासारखा बघत होता.

"दादा, अजून झालं नाहीये ते."

"झालंय."

"वर जाताना बरं आहे. खाली येताना—"

"मला खाली यायचंच नाही. खाली सगळे 'खालचे' असतात."

"ऐक ना. मी सांगाडेरावावर बघितलं. त्याची पाठ—"

"तो तुझा हाडांचा माणूस?" दादा स्टुलावरून उतरला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "ज्याला पोट नाही, बायको नाही, घाम नाही? तो मला शिकवणार? आणि तू त्याचं ऐकून मला? बावळट!"

आणि त्यानं हात उचलला. चाळीस वर्षांची सवय, दोघांचीही. काडेपेटीनं डोळे मिटले, मान खांद्यात ओढली आणि टपलीची वाट बघितली.

टपली आली नाही.

तिनं एक डोळा उघडला. दादाचा हात तिच्या डोक्याच्या वीतभर वर थांबला होता, थरथरत. आणि तिच्या देखत तो हळूच, एखादा अपमान झालेला पाहुणा निघून जावा तसा वर तरंगत गेला.

"चुकवलीस?" दादा म्हणाला.

"मी हललेसुद्धा नाही."

त्यानं पुन्हा मारली. या खेपेला दात आवळून. पोचली, पण टपली कसली ती, आशीर्वाद दिल्यासारखा हात टेकला नुसता. आणि दादाचा दुसरा हात आपोआप खांद्याच्या मागे गेला, दाबायला.

 शिंपीणकाकूंनी सुई तोंडात धरली होती ती तशीच राहिली.

दादा बादलीपाशी गेला. वाकला. रोलर आत, रोलर बाहेर, हात वर. पुन्हा. पुन्हा.  नाकातून जोरात श्वास घेत होता. मग त्यानं रोलर बादलीत सोडून दिला.

"काढ हे."

तिनं पट्टे सोडले. जाकीट उतरलं तेव्हा दादा एकदम आखूड दिसायला लागला.

"मी सगळ्यांना सांगून आलोय," तो म्हणाला. "चढतो म्हणून."

"चढशील."

"या स्प्रिंगशी कुस्ती खेळत?"

"दादा, माझ्याकडे बघ." तिच्या आवाजात एरवीची खोच नव्हती. "मी आजवर तुला शंभर गोष्टींत फसवलंय. मीठ घातलेलं सरबत पाजलंय. पण ज्या जाकिटातनं तुझी टपली बसत नाही, ते मी तुझ्या अंगावर चढवणार नाही. टपली बसली पाहिजे. मग छत तुझं."

दादानं तिच्याकडे बघितलं, मग जाकिटाकडे. "नीट बसली पाहिजे," तो म्हणाला. "आवाज आला पाहिजे."

कोपऱ्यातून खाकरण्याचा आवाज आला. दशांशसर पुढे आले. त्यांच्या हातात पेन्सिल होती.

"मोजता येईल," ते म्हणाले.

"काय, सर?"

"टपली." ते विचारात बुडाले होते. "कोपर छातीच्या खाली आलं की स्प्रिंगनं झोपायला हवं. आपण तिला झोपूच देत नाही. खांद्याची ती चकती गोल आहे ना? गोल आहे म्हणून ती सगळीकडे सारखंच ओढते." त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याची एक बाजू खोडून टाकली. "ही बाजू खायची."

"कानासारखी करायची," काडेपेटी म्हणाली.

"कानासारखी," सर म्हणाले, आणि स्वतःच्याच कानाला हात लावून त्यांनी वळण तपासलं.

पुढं जे झालं ते सांगाडेराव जन्मभर विसरणार नाही. त्याला जन्म असता तर. त्यानं त्या दिवशी इतक्या टपल्या मारल्या की शाळेतल्या सगळ्या मास्तरांनी मिळून मारल्या नसतील. सर चकतीचा एक आकार काढायचे, काडेपेटी तो सांगाडेरावाच्या खांद्यात बसवायची, आणि मग दादाचा पूर्ण कचरा, बादली-नाक-टपली, एकामागून एक. एका चकतीनं स्प्रिंग इतकी गाढ झोपली की वर जाताना उठेचना. दुसरी मध्येच दचकून जागी व्हायची, आणि सांगाडेराव स्वतःच्याच जबड्यावर ठोसा लगावून घ्यायचा. त्यावर काडेपेटी खुर्चीतून घसरेपर्यंत हसली, आणि सर पहिल्यांदाच तिच्याबरोबर हसले, वेळेवर.

मग एक चकती लागली. हात वर, पुढून निळा. हात खाली, मागूनही निळसर. टपली मारली; पाठीवर नुसती गुलाबी झाक.

फक्त बत्तीस पूर्णांक चार कुठं दिसेना.

"एकवीस पूर्णांक सात," सर म्हणाले आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिले. "बत्तीस फार छान दिसत होतं."

"दिसत होतं, सर. हा खरा आहे."

"हो." त्यांनी उसासा टाकला. "आणि यापुढे कचरा पुसायचा नाही. सगळा सांगाडेरावाला द्यायचा. हा नियम." मग जरा थांबून, पँट वर ओढत, "माझा सोडून."

नवी चकती कापून जाकिटात बसली. हाडांच्या डॉक्टरांनी आकडे बघितले, दादाचा हात चारी दिशांना फिरवून बघितला आणि मध्ये मध्ये विश्रांती घ्यायच्या बोलीवर मान हलवली. दादा पुन्हा मापाला आला. बादली केली, स्टूल केलं, नाक पुसून बघितलं.  काडेपेटीनं डोकं पुढे केलं.

"टपली?"

"इथं नाही," दादा म्हणाला. "आधी छत."

सोमवारी सकाळी सभागृहात तिनंच दादाच्या अंगावर जाकीट चढवलं, आणि बाहेर जाऊन सरांना घेऊन परत आली तेव्हा दादा परांचीवर होता. खालून बघितलं तर माणूस नव्हे, पाठीला फ्रेम बांधलेला मोठा किडा दिसत होता. रोलर छताला लागत होता, खाली बादलीत जात होता, परत वर. काडेपेटी चष्मा डोळ्यांवर घेऊन फक्त त्याच्या खांद्याकडे बघत होती. या माणसाचे स्नायू रंग बदलत नाहीत, हीच पंचाईत होती. त्याच्या चालीवरूनच ओळखायचं. वर, खाली. वर, खाली. कुठं अडकत नव्हतं. एकदा त्यानं दंडाला नाक पुसलं आणि सरांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, जशी काही गाण्यात सम आली.

जुना रंग झाकत नव्या रंगाचा पट्टा छतावर रुंदावत गेला. खाली रेलिंग रंगवणारे वर बघत होते. मध्येच त्यांच्यात खसखस पिकायची. ठेकेदार येऊन गेला, वर बघितलं, आणि तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला.

विश्रांतीला दादा खाली उतरला. घामेजलेला, पापण्यांवर रंगाचे ठिपके, आणि ताठ.

"कसं वाटतंय?" काडेपेटीनं विचारलं. आवाज तिला हवा तेवढा बेफिकीर निघाला नाही.

दादानं उजवा हात गोल फिरवला. पुढून, मागून. थोडा वेळ खांद्याचं ऐकत उभा राहिला. "बोलत नाहीये," तो म्हणाला. "सकाळपासून एक शब्द बोलला नाहीये खांदा." मग त्याचं लक्ष आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे गेलं. "पण हे सगळे का दात काढतायत?"

"मला काय माहीत?" काडेपेटी म्हणाली आणि हळूच एक पाऊल मागे सरकली.

रेलिंगवाल्यांपैकी एकाला राहवेना. "दादा, पाठीवर बघा की."

सकाळी जाकीट चढवताना पाठीमागं कोण घुटमळत होतं ते दादाला आठवलं. त्यानं हात मागं नेला, अगदी सहज गेला, आणि फ्रेमवर चिकटवलेला कागद ओढून काढला. काडेपेटीच्या सुंदर, ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'ओला रंग. हात लावू नये.'

सगळं सभागृह हसलं. दादाचा चेहरा लाल झाला, सांगाडेरावाच्या खांद्यासारखा.

"कार्टे!"

ती पळाली नाही. पळायला वेळ होता, पण पळाली नाही. डोळे मिटून, मान खांद्यात ओढून, उभी राहिली.

टपली बसली. अशी खणखणीत बसली की आवाज त्या उंच सभागृहात वर जाऊन ओल्या छताला लागला आणि परत आला.

"बसली!" ती ओरडली. डोक्यावर हात, डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. "सर, बसली! ऐकलंत?"

"स्वच्छ," दशांशसर म्हणाले. त्यांना कुठला आकडा सुचला नाही. "अगदी स्वच्छ."

दादा आपल्या हाताकडे बघत होता, जणू तो बरेच दिवस गावाला गेला होता आणि आता परत आलाय. "लागलं का गं?" त्यानं विचारलं.

"खूप!" काडेपेटी आनंदानं म्हणाली.

"बरं," दादा म्हणाला आणि बाह्या सारल्या. "आता डाव्या हाताची बघू."

तेव्हा मात्र ती पळाली.